लव्हाळे कशाच्या जोरावर वाचतात?

२५ जुलै २०२४ ची पहाट. खडकवासला धरणातून रात्रीतच पाणी वाढवलं गेलं आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतली माणसं अंथरुणातून उठली ती थेट पाण्यात उतरली. माझी आतेबहीण तिथे तळमजल्यावर राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले तेव्हा पाणी ओसरलं होतं, गाळ मागे राहिला होता. पुराचा गाळ म्हणजे पावसाळ्यातला साधा चिखल नव्हे. काळपट, चिकट, ड्रेनेजच्या वासाचा. खराट्याने ढकलला तरी फरशीवर तेलकट थर धरून बसतो. फ्रिज आडवा पडला होता. पिंपातले गहू फुगून झाकण वर आलं होतं. दिवाणातल्या साड्या, भाच्याची दहावीची मार्कलिस्ट, देवघरातली पोथी, सगळ्याला एकच रंग आला होता.

ताई ओचा खोचून खराटा मारत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ओळखीतल्या कुणीतरी चित्र पाठवलं होतं. उगवता सूर्य, खडकातून वर आलेलं रोपटं आणि खाली कुसुमाग्रजांच्या ओळी: मोडून पडला संसार, तरी मोडला नाही कणा. तिने ते मला दाखवलं. चिडली नव्हती ती, फक्त दमली होती. म्हणाली, "अगं, लढायचं ते लढतेच आहे. हा गाळ कुठे टाकायचा तेवढं कुणीतरी सांगा."

मी पंचवीस वर्षं मराठी शिकवते. ती कविता किती वर्गांपुढे म्हणून दाखवली असेल याचा हिशेब नाही. शेवटच्या ओळीला वर्ग शांत होतो, एखाद्या मुलीचे डोळे भरून येतात आणि आपण चांगलं शिकवलं असं वाटतं. त्या दिवशी ताईच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढ्या गाळात उभी असताना मला पहिल्यांदा जाणवलं की ही कविता आपण चुकीच्या माणसाच्या तोंडी घालत आलो आहोत.

जरा ती 'कणा' कविता आठवून पाहा. पावसातून एक जण सरांच्या घरी येतो. कपडे चिखलाने भरलेले, केस ओले. क्षणभर बसतो, हसतो आणि मग सांगतो. गंगामाई पाहुणी आली, घरट्यात राहून गेली, माहेरवाशिणीसारखी चार भिंतींत नाचली. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे ही गंगा कुणा पुराणातली नाही, त्याच्या दाराशी वाहणारी आहे. सगळं घेऊन गेलेल्या नदीला तो शिवी देत नाही, तिला माहेरवाशीण म्हणतो. माहेरवाशीण रिकाम्या हाताने कशी जाईल? काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला माणूसच नदीबद्दल असं बोलू शकतो. दुःख पुरेपूर आहे, पण नातं तुटलेलं नाही. आणि कवितेत 'लढतो आहे' हे कधी येतं? भिंत बांधणं आणि गाळ काढणं चालू झाल्यावर. म्हणजे त्याला लढायला सांगण्याची कुणाला गरजच उरलेली नाही.

यानंतर जे घडतं ते आपण शिकवताना भरकन ओलांडून जातो. सरांचा हात खिशाकडे जातो. त्यांनी काही उपदेश केलेला नाही, धीर दिलेला नाही, त्यांचा पहिला प्रतिसाद हा आहे. तो हसत हसत उठतो, पैसे नकोत म्हणतो, जरा एकटेपणा वाटला म्हणतो. आणि मग तो स्वतः मागतो की पाठीवर हात ठेवून लढ म्हणा.

'लढ' हा शब्द सोसणाऱ्याने मागितलेला आहे, आणि खिशाकडे हात गेलेल्या माणसाकडे मागितलेला आहे. आपण खिशाच्या वाटेलाच जात नाही. फोनवर अंगठा फिरवून थेट 'लढ' म्हणून मोकळे होतो. तेही ज्याने मागितलेलं नाही त्याला.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच असतं तर ते चार ओळींत संपलं असतं. पण हे एका कवितेचं झालेलं नाही. मराठी कवितेत संघर्षासाठी, चिवटपणासाठी निसर्गातल्या जेवढ्या म्हणून प्रतिमा आल्या, त्या सगळ्यांची आपण हीच गत केली आहे. लव्हाळं, बीज, सुगरणीचा खोपा, पूर, काटे. या प्रतिमांमध्ये दोन अर्धुकं असतात. एक टिकणाऱ्याचं, दुसरं तो ज्याच्या आधाराने टिकतो त्या माती-मुळांचं. आपण पहिलं कापून घेतलं, फ्रेममध्ये बसवलं आणि सोशिकपणाचा धडा म्हणून लोकांना वाटलं. दुसरं टाकून दिलं. आणि ज्या शहरात मी राहते तिथे तर ते दुसरं अर्धुक प्रत्यक्षात, जमिनीवरही, टाकून देण्याचं काम चालू आहे. म्हणून हा प्रश्न मला निव्वळ वाङ्मयाचा वाटत नाही.

तुकोबांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावर झाला आहे. 'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती.' ही ओळ माहीत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. अर्थ काय म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: नम्र राहावं, वाकावं, ताठ उभं राहणारे मोडतात. साहेबांपुढे वाकावं, सासरी वाकावं, मोठ्यांपुढे बोलू नये. हे सांगायला ही ओळ फार सोयीची पडते. अभंग लहानपणाबद्दल आहे हे खरंच. मुंगीला साखरेचा रवा मिळतो आणि ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, हे त्याच्या प्रचलित पाठात आहेच. पण हे मागणं तुकोबा देवाकडे मागतात.  आणि हे मागणारा माणूस कोण? १६३० च्या आसपासचा भीषण दुष्काळ ज्याने अंगावर घेतला, ज्याची बायको अन्न अन्न करत गेली आणि ज्याने ते स्वतःच्या अभंगात लपवलं नाही तो. 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान' असं लिहिणाऱ्याला सोशिकपणाचं गुळगुळीत तत्त्वज्ञान सांगायचं असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि लव्हाळं? ते आपल्यापैकी कितीजणांनी पाहिलंय?

मी स्वतः ते नीट पाहिलं चाळिशी उलटल्यावर. मुळशीच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या भातखाचराच्या बांधावर बसले होते. घरच्या मावशी खुरपं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एक गवत उपटलं आणि माझ्या हातात दिलं. "हा बघा तुमचा लव्हाळा. पुस्तकात लई चांगला असतो म्हणे." दांडा बोटांत फिरवला तर गोल नव्हता, तीन धारांचा होता. मग त्यांनी खुरप्याने खोल खणलं आणि मातीतून एक माळ बाहेर ओढली. धाग्यासारखं मूळ, त्याला बोराच्या बीएवढी काळी गाठ, पुन्हा धागा, पुन्हा गाठ. नखाने गाठ खरवडून नाकाशी धरली. दिवाळीच्या पहाटेचा वास आला. उटण्यातला नागरमोथा तो हाच किंवा याचाच भाऊबंद. मावशी म्हणाल्या, "वरनं किती उपटा. खाली एक गाठ राहिली की आठ दिवसांत परत हजर. आमचा जन्म गेला याला काढण्यात."

शेतकऱ्याच्या लेखी लव्हाळा हे नम्रतेचं प्रतीक वगैरे काही नाही. ते अत्यंत हट्टी तण आहे. तो वाकतो हे खरं, पण वाचतो तो वाकल्यामुळे नाही, निदान तेवढ्यामुळे तरी नाही. मातीखाली त्याचं एकमेकांत गुंतलेलं गोत आहे, त्याने काठ धरून ठेवलेला असतो आणि काठाने त्याला. वरचं पातं पुराबरोबर गेलं तरी खालची गाठ जागच्या जागी असते. देहूच्या माणसाला, इंद्रायणीकाठच्या आणि शेती-वाण्याचा व्यवहार पाहिलेल्या माणसाला, हे ठाऊक नसेल का? नदीकाठच्या त्याच्या श्रोत्यांना तर नक्कीच ठाऊक होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर 'लव्हाळे वाचती' म्हटल्याबरोबर ती काळ्या गाठींची माळ येत असणार. आपल्या डोळ्यांसमोर फक्त वाकलेलं पातं येतं, कारण आपण माती पाहिलेली नाही.

त्याच तुकोबांची पालखी दरवर्षी पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला येते. निवडुंगाच्या जाळीत देव सापडला अशी आख्यायिका आहे, म्हणून हे नाव. काटेरी झुडपावरून देवाचं नाव ठेवणाऱ्या या गावाला निसर्गप्रतिमा कशी वाचायची हे एकेकाळी कुणी शिकवावं लागत नसावं.

वाकण्याचाच विषय निघाला तर चोखोबांना विसरून चालणार नाही. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा.' डोंगा म्हणजे वाकडा. पुढे ते कमान आणि तीर आणतात, मग 'नदी डोंगी परी जळ नव्हे डोंगें' म्हणतात, आणि शेवटी स्वतःवर येतात: चोखा डोंगा, परी भाव नोहे डोंगा. ऊस, नदी, पाणी हे सगळं इथे पुरावा म्हणून उभं केलेलं आहे. वरचा आकार पाहून माणसाला दूर लोटणाऱ्यांपुढे मांडलेला हा युक्तिवाद आहे, आणि त्याचे साक्षीदार रोज शेतात दिसणारे, कुणालाही नाकारता न येणारे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ज्याचा जीव गेला त्या माणसाची ही ओळ आपण भजनात टाळ्या वाजवत म्हणतो आणि त्यातला सवाल मात्र कानाआड करतो. 'काय भुललासी वरलिया रंगा' हे कुणाला उद्देशून आहे? ज्याला दाराबाहेर ठेवलं त्याला नक्कीच नाही.

बहिणाबाईंचंही तेच. सुगरणीचा खोपा कोणत्या शाळेच्या भिंतीवर नसतो? त्यात ठळक अक्षरांत काय रंगवलेलं असतं तेही मला पाठ झालंय: 'तिची उलीशीच चोच, तेच दात, तेच ओठ, तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं.' म्हणजे कामाला लागा, रडगाणं गाऊ नका. पाखरू बघा एवढ्याशा चोचीने घर बांधतं. भिंत रंगवणारे त्याच कवितेतली दुसरी ओळ मात्र घेत नाहीत. 'तिचा पिलामधी जीव, जीव झाडाले टांगला.'

तिसाव्या वर्षाच्या आसपास विधवा झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या, जळगावकडच्या शेतात राबलेल्या बाईने हे शब्द कुठून आणले असतील? जीव झाडाले टांगला. खोपा कितीही सुबक विणा, पिलं कितीही जपा, सगळा संसार एका फांदीला लटकलेला आहे. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कविता पुस्तकात आल्या. तेव्हापासून आपण चोचीचं कौतुक करतो आहोत. झाडाचं नाव काढत नाही.

पुण्यात नाव काढायची वेळ आली ती २०२३ मध्ये. मुळा-मुठेच्या काठाने सुमारे ४४ किलोमीटर नदीकाठ नव्याने घडवायचं काम सुरू झालं होतं. काठावरची झाडं जाणार, काठ बांधून काढला जाणार, हे कळल्यावर एप्रिलच्या उन्हात पुणेकर रस्त्यावर उतरले. चिपको मोर्चा निघाला. मीही गेले होते. नदीपात्रातल्या रस्त्याने जाताना वाळुंजाची झाडं होती. वाळुंज हे नदीचंच झाड. पाय पाण्यात, फांद्या पाण्याकडे झुकलेल्या, पूर आला की बुडायचं, ओसरला की पालवायचं. त्या दिवशी त्याच्या फांद्यांवर माणसाच्या डोक्याच्या वर प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या. मागच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. माझ्या शेजारून चालणाऱ्या एका तरुणाच्या हातात फलक होता आणि त्यावर 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' लिहिलेलं होतं. ही ओळ शुभेच्छापत्रांवर वाचून वाचून माझी तिच्यावरची नजर मेली होती. त्या उन्हात ती पहिल्यांदा शब्दशः कानावर आली. सोयरीं. म्हणजे नातलग. नातलगावर कुऱ्हाड पडणार असेल तर माणूस घरात बसत नाही. फलक धरणाऱ्याने ती ओळ कुणाला सोसायला सांगण्यासाठी उचललेली नव्हती.

काठ बांधण्याच्या बाजूनेही बोलणारे आहेत आणि ते सगळेच वाईट हेतूने बोलतात असं मी म्हणणार नाही. नदी स्वच्छ व्हावी, माणसांनी तिच्याजवळ यावं, हे कुणाला नको आहे? पण काँक्रीटच्या काठावर लव्हाळं धरत नाही, वाळुंज उभा राहत नाही. पसरायला जागा नसलेलं पाणी पुढच्या वस्तीत शिरतं. आणि मग त्या वस्तीतल्या माणसाला आपण लव्हाळ्याची ओळ पाठवतो. माझा राग याच्यावर आहे.

पुण्याला पुराची कविता बाहेरून आणायची गरज नव्हती. आमच्या आजीच्या बोलण्यात काळाचे दोनच भाग होते, पुराआधी आणि पुरानंतर. १२ जुलै १९६१ च्या सकाळी, बांधकाम पुरतं पुरं न झालेलं पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरण फोडलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आमच्या वाड्याच्या जिन्याजवळ भिंतीवर आजोबांनी खिळ्याने रेघ ओढून तारीख कोरली होती. लहानपणी मी त्या रेघेखाली उभी राहून उंची मोजायचे. आजी पुराच्या पुष्कळ गोष्टी सांगायची, पण 'आम्ही कसे लढलो' असं तिच्या तोंडून कधी आलं नाही. ती सांगायची कुणी भाकऱ्या पाठवल्या ते. कुणाच्या घरी दोन महिने राहिलो ते. सैपाकाला कुणी पातेलं दिलं ते, आणि ते परत करायचं राहून गेलं ते. गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. त्यांच्या मालकीहक्काचे प्रश्न पुढे कित्येक वर्षं रेंगाळले, तो वेगळा आणि दुखरा विषय आहे. पण उठून उभं राहायला पायाखाली चार हात जागा लागते, एवढं तरी त्या वेळच्या शहराने ओळखलं होतं. कुणाच्या तरी हाताने खिशाकडे जायचं मनावर घेतलं होतं.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. कवितेतून बळ मिळत नाही का? मिळतं. मी स्वतः घेतलेलं आहे. दवाखान्याच्या बाकावर रात्र काढताना ओठांत ओळी येतात आणि सकाळ होते, हे मी नाकारणार नाही. ताईच्याच सोसायटीतल्या एका रिक्षावाल्या काकांनी, रिक्षा पुरात गेलेली असताना, पार्किंगच्या ओल्या भिंतीवर खडूने 'मोडला नाही कणा' लिहिलं होतं. ते वाचून माझ्या घशात आवंढा आला. ओळ तीच, पण लिहिणारा हात त्यांचा होता. कुसुमाग्रजांच्याच 'कोलंबसाचे गर्वगीत' मध्ये समुद्राला 'किनारा तुला पामराला' असं म्हणणारा माणूस जहाजावर आहे. किनाऱ्यावर सुरक्षित उभं राहून दुसऱ्याला तसं म्हणता येत नाही. ओळीत बळ असतं, फक्त ते सोसणाऱ्याच्या हाती असतं.

आणि निसर्गाची ही प्रतिमा सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेलीही नाही. शेकडो वेळा चंद्र आला, तारे फुलले, रात्र धुंद झाली, आणि जिंदगी मात्र भाकरीचा चंद्र शोधण्यात बरबाद झाली, असं नारायण सुर्वे लिहितात तेव्हा ते आकाशातल्या चंद्राला नाकारत नाहीत. तो त्यांना परवडला नाही एवढंच सांगतात. नामदेव ढसाळ याच पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, पूर-कनेरसरला जन्मले. त्यांनी सूर्यफूल हाती घेतलं ते बाबासाहेबांच्या दिशेने तोंड वळवायला. ज्या समाजाला १९२७ साली महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या कवितेत पाणी आलं की ते निर्झराचं पाणी उरत नाही. जमीन कुणाची, तळं कुणाचं, झाडाखाली बसायची मुभा कुणाला, हे प्रश्न प्रतिमेच्या पोटातच असतात. १८५४ साली, मुलींची शाळा सुरू झाल्याला सहा वर्षं झालेली असताना, याच पुण्यातून सावित्रीबाईंचं 'काव्यफुले' आलं. त्यात पिवळा चाफा आहे, जाईचं फूल आहे. ज्या बाईच्या अंगावर शाळेच्या वाटेवर चिखल आणि शेण फेकलं गेलं, तिने चाफ्याकडे पाहण्याचा आपला हक्क सोडला नव्हता. त्या फुलांना मी नाजूक कसं म्हणू?

मग निसर्गप्रतिमेने करायचं काय, असा प्रश्न पडला की मला आठवते एक ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवीन यांनी पुण्यात राहून, मुळशीसारख्या डोंगराळ भागातल्या खेड्यांतून सुरुवात करून, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या किती आहेत बघा. दळणाऱ्या बायकांना रामायणातलं हेच सगळ्यांत जवळचं वाटलं. ठिकठिकाणी थोड्याफार फरकाने गायली जाणारी ती ओवी अशी:

अरण्य वनामधी कोण रडतं ऐका,
सीतेला समजावया बोरी बाभळी बायका.

सीता टाकलेली आहे, रानात एकटी आहे, आणि तिच्याजवळ आलेत बोरी आणि बाभळी. दोन्ही काटेरी, दोन्ही माळरानावरच्या, निगराणीशिवाय वाढणाऱ्या, म्हणजे अगदी गाणाऱ्या बायकांसारख्याच. या कवयित्रीच्या हातात संघर्षाचं प्रतीक आयतंच होतं. बाभळीसारखी चिवट हो, दुष्काळातही हिरवी राहा, असं ती सीतेला सहज सांगू शकली असती. तिने तसं केलं नाही. तिने बाभळीला बाई केलं आणि सीतेजवळ बसवलं. आणि त्याआधी एक शब्द टाकला, 'ऐका'. मला वाटतं, सरांनी पाठीवर ठेवायचा हात आणि ही बाभळीची सोबत एकाच जातीची आहे.

आपल्या परीक्षांमध्ये मात्र ठरलेला प्रश्न असतो: 'प्रस्तुत कवितेतून मिळणारा संदेश तुमच्या शब्दांत लिहा.' पोरं लिहितात, 'संकटांना न डगमगता सामोरे जावे, हा संदेश मिळतो.' दोन गुण. ही मुलं मोठी होऊन फोनवरून संदेश पाठवणारे नातेवाईक होतात, मंचावर शेर टाकणारे वक्ते होतात. त्यांना दोष देऊन काय करू? त्यांना तसं वाचायला मीच शिकवलं. संदेश हा शब्दच मराठीच्या प्रश्नपत्रिकेतून काही वर्षं तरी बाजूला ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. कविता कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, आणि तिच्यातलं झाड कोणत्या मातीत उभं आहे, एवढं विचारावं. मुलांना नदीवर न्यावं. विठ्ठलवाडीच्या घाटावर न्यावं, संगमावर न्यावं, भिडे पूल पाण्याखाली जाण्याआधी जूनमध्ये त्याच्याखाली काय उगवतं ते दाखवावं. वास येतो, चप्पल चिखलात रुतते, पालक तक्रार करतात. तरी न्यावं.

मागच्या वर्षी वर्गातल्या चाचणीत तुकोबांच्या ओळीवर मी वेगळा प्रश्न घातला: तुम्ही लव्हाळा पाहिला आहे का? कुठे? पाहिला असेल तर वर्णन करा. बेचाळीस मुलांपैकी अडतीस जणांनी प्रामाणिकपणे 'नाही' लिहिलं. तिघांनी बहुधा दुसरंच गवत पाहिलं होतं. हवेलीतल्या एका गावातून रोज पीएमपीने येणाऱ्या मुलीने पाऊण पान लिहिलं. शुद्धलेखन यथातथाच होतं. तीन धारांचा दांडा तिने लिहिला, गाठींची माळ लिहिली, तो उटण्याचा वासही लिहिला. आणि शेवटी लिहिलं होतं:

"आई त्याला शिव्या देते कारण तो पुराला पण घाबरत नाही आणि खुरप्याला पण. दर वर्षी परत येतो. पण आमच्या शेजारच्या वावरात प्लॉटिंग झालं. त्यांनी मुरूम टाकला, रोलर फिरवला आणि वरून काँक्रीट केलं. तिथे तो परत आला नाही."